वाईनची वाट अथणीच्या द्राक्षबागेतून जावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी ते मार्च या काळात वायनरी पाहण्यासाठी नाशिकला जाणारी कुटुंबे बेळगाव, निपाणी, संकेश्वर या भागांत आता सर्रास भेटतात. एका बाजूचा साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास, त्यात मुक्काम, टोल आणि जेवणाखाण्याचा खर्च, एवढे सगळे करून ही मंडळी द्राक्षाचा वेल, टाक्या आणि ओकची पिंपे पाहून येतात. त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यातील अथणी तालुक्यात, तेलसंग-ऐगळीकडच्या माळावर घड उतरत असतात आणि तिकडे व्यापारी व मजुरांखेरीज कोणी फिरकत नाही. कृष्णा खोऱ्याच्या या पट्ट्यात बागा, बेदाण्याच्या शेड आणि वायनऱ्या पाहण्याचा एक नीट आखलेला मार्ग व्हावा, तो राज्याच्या सीमेवर न थांबता पलीकडेही जावा आणि त्याची सुरुवात वाईन चाखण्याच्या खोलीतून, म्हणजे टेस्टिंग रूममधून, न होता बागेतून व्हावी, एवढी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या जिल्ह्याची ठेवण याला किती अनुकूल आहे, हे बेळगाव शहरात राहणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. खानापूर ते बेळगाव हा पश्चिमेकडचा भाग घाटमाथ्याच्या पावसाचा. तेथे भात उत्तम येतो, पण द्राक्षवेल डाऊनी आणि करपा या बुरशीजन्य रोगांपुढे टिकत नाही. चिकोडी ओलांडून रायबाग, कागवाड, अथणीकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, हवा कोरडी होते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या महिन्यांत दिवसा लख्ख ऊन व रात्री गारवा असे हवामान मिळते. पुढे विजापूर जिल्ह्यातील तिकोटा, बबलेश्वर आणि इंडी, बागलकोटमधील जमखंडी आणि सीमेपलीकडचे जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस हा सारा द्राक्षाचा एकच सलग प्रदेश आहे. औषधांच्या दुकानांत, छाटणीच्या टोळ्यांत आणि बेदाण्याच्या सौद्यांत तो रोज एकत्र नांदतो. अथणीचा बेदाणा तासगाव-सांगलीच्या सौद्याला जातो आणि तिकडच्या जाणत्या बागायतदारांचा सल्ला इकडे चालतो. पर्यटनाच्या नकाशावर मात्र या भागाला वाईनच्या संदर्भात जागाच नाही.

धोरणे झाली नाहीत असे नाही. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस अशा दोन ठिकाणी वाईन पार्क उभारले. कर्नाटकाचे द्राक्ष प्रक्रिया व वाईन धोरण 2007 चे आहे. त्याच्या मागोमाग कर्नाटक वाईन मंडळ स्थापन झाले आणि नंदी, कृष्णा व कावेरी अशी तीन खोरी वाईनसाठी निवडण्यात आली. यांतील नंदी खोऱ्याला बेंगळुरू शहर जवळ असल्याचा लाभ झाला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे ग्रोव्हर कुटुंबाने सुरू केलेल्या लागवडीचे नाव आज सर्वदूर आहे. कोप्पळ जिल्ह्यात हंपीच्या टेकड्यांमधील कृष्मा इस्टेटच्या वाईनचीही जाणकार वाखाणणी करतात. कृष्णा खोऱ्यात विजापूर-बागलकोट भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या, परंतु पाहुण्याने सकाळी निघून एकामागून एक ठिकाणे पाहत जावे, असा मार्ग कोणी आखला नाही. पलूसचा पार्कही ज्या उमेदीने उभा राहिला, ती उमेद टिकली नाही.

नाशिकला काय जमले, हे त्यामुळे नीट समजून घ्यायला हवे. सुला वाईनयार्ड्सने 2005 मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात टेस्टिंग रूम सुरू केली, तेव्हा ग्राहकाला बागेपर्यंत आणण्याची कल्पना आपल्याकडे नवी होती. नंतर यॉर्क, सोमा, इगतपुरीची व्हॅलोने, दिंडोरीची शँडन अशी ठिकाणे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर उभी राहिली आणि पाहुण्याला दोन दिवस गुंतवून ठेवण्याइतके काम तयार झाले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेली कंपनीने इटालियन भागीदारांच्या साथीने हाच प्रयत्न तुलनेने कोरड्या मुलखात केला. अकलूजचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. ना जवळ महानगर, ना डोंगर-धरणाची शोभा, तरीही लोक जातात. अथणी-विजापूरला तर गोलघुमट आणि इब्राहिम रोजा यांसारख्या वास्तू जोडीला आहेत. गोलघुमट पाहायला येणाऱ्या सहलींतील काही गाड्या अर्ध्या दिवसासाठी तिकोट्याच्या बागांकडे वळवणे मुळीच अवघड नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वायनरी पाहायला जाणाऱ्या बहुतेकांचा वेळ काउंटरपाशी जातो. बागेत पाच मिनिटे छायाचित्रांसाठी, टाक्यांपाशी दहा मिनिटे आणि मग पेले हातात, असा क्रम असतो. वास्तविक पाहण्यासारखे सर्वांत जास्त असते ते बागेत, आणि आपल्याकडे ते दाखवू शकणारी माणसे गावोगाव आहेत. खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष एकाच शिवारात शेजारी उभे करून दाखवले तर शहरातला शाळकरी मुलगासुद्धा अर्ध्या तासात पुष्कळ शिकून जाईल. खाण्याच्या द्राक्षाचा वेल वाय पद्धतीने किंवा मांडवावर चढवलेला. घडाची विरळणी केलेली, मणी लांबट व फुगीर व्हावा म्हणून जीए (जिबरेलिक ॲसिड) या वाढ-संजीवकाच्या द्रावणात घड बुडवलेले, ऊन आणि डाग टाळण्यासाठी त्यांना कागद लावलेले. वाईनच्या कॅबरनेट किंवा शिराझच्या वेलींच्या ओळी उभ्या तारांवर. घड लहान, मणी काळपट जांभळे, वाटाण्याएवढे, जाड सालीचे आणि बियांचे. तोंडात टाकल्यावर साल चोथ्यासारखी राहते आणि नवखा माणूस तोंड वेडेवाकडे करतो. रंग, तुरटपणा आणि सुगंध यांचा मोठा भाग त्या सालीत असतो, म्हणून मणी लहानच हवा आणि वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवायचा, हे बागायतदाराने दोन घड हातात धरून सांगितले की पुन्हा विसरले जात नाही.

काढणीपूर्वी गोडी पाहण्याचा प्रकारही असाच. चार-पाच वेलींवरचे, वरचे-खालचे, उन्हातले-सावलीतले मणी गोळा करून चुरायचे, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजण्याच्या नळीसारख्या उपकरणाच्या काचेवर टाकायचा, झाकण दाबायचे आणि उजेडाकडे तोंड करून नळीत डोळा लावायचा. निळ्या आणि पांढऱ्या भागांच्या मधली रेघ ज्या आकड्यावर थांबते तो ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप. खाण्याचे द्राक्ष 17-18 वर गोड लागते, तर वाईनचे द्राक्ष साधारण 22 ते 24 पर्यंत थांबवून ठेवतात, कारण त्या साखरेतूनच पुढे 12-13 टक्के मद्यार्क तयार होतो. त्या थांबण्याच्या आठ-दहा दिवसांत अवकाळी पाऊस आला तर काय होते, हे सांगायला वेगळा मार्गदर्शक लागणार नाही. ज्याच्या हातात ते उपकरण आहे, त्याच्याच तोंडून ते ऐकावे.

वायनरीच्या आत पाहण्याचे क्रमही हंगामात गेल्यास खरे कळतात. व्हाइट वाईनसाठी द्राक्ष दाबून रस लगेच वेगळा काढतात आणि थंड टाकीत सावकाश आंबवतात. रेड वाईनसाठी साली-बियांसकट आंबवतात, म्हणून सालीचा रंग रसात उतरतो. आंबताना निघणाऱ्या वायूने साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो, आणि टाकीच्या तळातून रस उपसून तो त्या थरावर दिवसातून अनेकदा फवारावा लागतो. हे काम चालू असताना टाकीपाशी उभे राहिलेल्या माणसाला पिकल्या फळाचा आणि ताज्या आंबवणाचा जो वास येतो, तो मे महिन्यात धुऊन पुसून ठेवलेल्या टाक्यांपाशी येणार नाही. ओकच्या 225 लिटरच्या एका पिंपात सुमारे 300 बाटल्या वाईन मावते आणि एका बाटलीला किलोभर किंवा त्याहून थोडी अधिक द्राक्षे लागतात, हा हिशेब शेतकऱ्यांच्या मुलांना विशेष आवडतो. अनेक वायनऱ्या वर्षभर सहली चालवतात, त्याला हरकत नाही. परंतु कोणत्या महिन्यात काय चालू असते याचा फलक दारावर लावायला काय हरकत आहे?

आपल्या भागाचे वेगळेपण मात्र बेदाण्यात आहे, आणि ते नाशिकला इतक्या प्रमाणात दाखवता येणार नाही. मिरजेकडून कागवाडमार्गे अथणीला, तेथून पुढे विजापूरकडे किंवा जतकडे जाताना हिरव्या जाळीने वेढलेल्या रॅकच्या शेड दिसू लागतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवल्यावर सालीवरचा मेणाचा थर सैल होतो. मग जाळ्यांवर पसरलेले मणी सावलीत, वाऱ्यावर दोन आठवड्यांच्या आसपास वाळतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. एकाच फळातून एका ठिकाणी पाणी उडवून लावायचे आणि दुसऱ्या ठिकाणी रस जपायचा, हे दोन्ही एका दिवसात पाहायला मिळेल असा मार्ग देशात फार थोड्या ठिकाणी शक्य असेल. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली तास-ए-गणेश ही जात कर्नाटकातील बागांतही पोहोचली. प्रयोगशाळेबाहेर, स्वतःच्या वेलीवर नजर ठेवून शेतकऱ्याने जात निवडली, ही गोष्ट पाहुण्यांना सांगण्यात आपल्याला अभिमान वाटायला हवा.

भाषेचा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो. गावाकडच्या बागायतदारांबरोबर एका नामांकित वायनरीत गेलो असता तेथील मार्गदर्शक तरुण सगळी माहिती इंग्रजीत, पाठ केल्यासारखी देत होता. आमच्यातील एकाने वेलीचे खोड चाचपून, रूटस्टॉक (कलमाचा खुंट) कोणता, पाण्याचा क्षार किती आणि खरड छाटणी कोणत्या आठवड्यात घेता, असे मराठीत विचारले. त्या तरुणाला, तो मराठी असूनही, यातील एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मग तो मुकाट्याने पेल्यांकडे वळला. दोष त्याचा नाही, त्याला तेवढेच शिकवले होते. द्राक्ष पिकवणारा माणूस वायनरीत पाहुणा म्हणून जातो, तेव्हा त्याला परके वाटू नये. सीमाभागात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतून माहिती देणारी मुले अथणी, कागवाड, जत येथे सहज मिळतील, कारण ती लहानपणापासून दोन्ही भाषा बोलतात. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांच्या साह्याने अशा तरुणांसाठी छोटे प्रशिक्षण आखता येईल.

दारूच्या प्रश्नाला बगल देऊन हे पत्र पुरे करणे मला योग्य वाटत नाही. वाईन आरोग्याला चांगली, असा प्रचार जे करतात त्यांच्याशी मी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून झगडलेल्या स्त्रियांचा राग मी जवळून पाहिला आहे आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याच्या 2022 मधील निर्णयाला जो विरोध झाला, त्यामागेही हीच भीती होती. आपल्या भागात माळकरी घरे आहेत, जैन समाजाची मोठी वस्ती आहे; यांतील कित्येक कुटुंबे द्राक्षबागायतदार आहेत आणि बाटलीला हातही लावत नाहीत. म्हणूनच बाग, बेदाणा शेड आणि टाक्या पाहण्याचे तिकीट वेगळे असावे, चव घेण्याचे वेगळे. न पिणाऱ्याला दोन्हींचे पैसे भरायला लावू नयेत, ताज्या द्राक्षरसाचा पेला त्याच्या हाती द्यावा, आणि मुलांना टेस्टिंग रूममध्ये प्रवेश नसावा. असे झाले तर घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांना निःसंकोचपणे जाता येईल.

रस्त्याचा धोका याहून तातडीचा आहे. द्राक्षाचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकाच वेळी चालतो. चिकोडी, रायबाग, अथणी आणि उगारच्या रस्त्यांवर अंधार पडल्यानंतर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, पुष्कळदा मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेले, कसे चालतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात वायनरीतून निघालेला, दोन पेले घेतलेला चालक आला तर काय होईल हे सांगायला नको. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडाने गेलेला जीव परत येत नाही. मिरज रेल्वे स्थानक आणि विजापूर येथून निघणारी, दिवसाउजेडी परतणारी ठरावीक बस हा या मार्गाचा पहिला भाग असावा आणि चव घेण्याची वेळ दुपारी चारच्या आत संपावी. ज्या वायनरीला ही अट जाचक वाटेल, तिला या मार्गात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सीमेची अडचण खरी आहे, पण ती सुटणारी आहे. दोन्ही राज्यांचे अबकारी कायदे आणि कर निरनिराळे आहेत. एका राज्यात घेतलेली बाटली परवान्याशिवाय सरसकट दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. पाहुण्याला हे कोगनोळीच्या किंवा कागवाडच्या नाक्यावर कळण्याऐवजी बिल करतानाच, मराठी आणि कन्नड फलकावर ठळक अक्षरांत कळावे. दोन राज्यांनी एकत्र काम केल्याचे उत्तम उदाहरण आपल्या अथणीतच आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हे आहेत. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ते मिळवले. सीमाप्रश्न न्यायालयात आपल्या गतीने चालू असताना कारागिरांच्या हिताचे काम थांबले नाही. मग द्राक्षाच्या बाबतीत दोन पर्यटन खात्यांनी एक समाईक नकाशा छापायला काय अडचण आहे? अथणीला आलेल्या पाहुण्याला चपला तयार होताना पाहण्याची सोयही त्याच नकाशात करता येईल.

यातून बागायतदाराच्या हाती काय पडणार, हे आधीच ठरले पाहिजे. 2008 नंतरच्या मंदीत महाराष्ट्रातील अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या, करार असूनही माल उचलला गेला नाही आणि शेतकऱ्यांनी वाईनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. खाण्याचे द्राक्ष निदान बाजारात नेता येते, बेदाणा करता येतो. कॅबरनेटचा घड कोणी फळ म्हणून विकत घेत नाही. त्यामुळे अथणीच्या शेतकऱ्याने पर्यटनाच्या भरवशावर एकरच्या एकर वाईनची द्राक्षे लावावीत, असे मी कदापि सुचवणार नाही. आहे त्या बागा दाखवाव्यात, प्रत्येक पाहुण्यामागे बागेच्या मालकाला ठरलेली रक्कम मिळावी, घरच्या स्त्रियांनी केलेली ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि बेदाणा यांची विक्री तेथेच व्हावी. वाईनसाठी नवीन लागवड करायचीच असेल तर ती लेखी करार, आगाऊ रक्कम आणि काढणीनंतर ठरावीक मुदतीत पैसे, या अटींवरच व्हावी, आणि त्या करारावर कर्नाटक वाईन मंडळाची देखरेख असावी.

बेळगाव, विजापूर आणि सांगली या तीन जिल्ह्यांच्या पर्यटन व फलोत्पादन अधिकाऱ्यांनी यासाठी एकत्र बसावे, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. पहिल्या वर्षी मोठा खर्च किंवा महोत्सव नको. कागवाड ते विजापूर आणि जत ते तासगाव या दोन रस्त्यांवरील मोजक्या बागा, दोन-तीन बेदाणा शेड आणि नियम पाळायला तयार असलेल्या वायनऱ्या, एवढ्यांची यादी, भेटीच्या वेळा आणि तिकिटाचे दर छापून दोन्ही भाषांत प्रसिद्ध केले तरी काम सुरू होईल. एप्रिलची खरड छाटणी आटोपली की जून-जुलैत बागायतदार थोडा मोकळा असतो. इच्छुकांची पहिली बैठक त्या वेळी अथणीत बोलवावी आणि ऑक्टोबर छाटणीपूर्वी यादी पक्की करावी.

आपला विश्वासू,
अथणी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार
(सध्या मुक्काम शहापूर, बेळगाव)